हँडल मारणाऱ्यांचा इतिहास

चालू इंजिनाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. ते बिचारे विहिरीच्या कडेला दिवसभर धडधडत असते, पाटाला पाणी जात असते, गव्हाचे वाफे भिजत असतात आणि वाटेने जाणारा माणूस मान न वळवता निघून जातो. पण हेच इंजिन एकदा का चालू व्हायचे नाकारू लागले, की पाव तासात त्याच्याभोवती दहा-बारा माणसे उभी राहतात. ती कुठून येतात हे कोडे मला आजवर सुटलेले नाही. त्याआधी शिवारात नजर टाकावी तर बांधावर कावळासुद्धा नसतो. घरच्या लग्नाला दोनदा आमंत्रण धाडूनही न आलेली मंडळी बंद इंजिनाला मात्र बिनबोलावता हजर!

ही सभा भरली की तिचे कामकाज ठरल्या क्रमाने चालते. पहिला सभासद विचारतो, "डिझेल हाय का?" हा प्रश्न मालकाच्या वर्मी लागतो, कारण टाकीत न डोकावताच तो तासभर हँडल मारतोय असा त्यात उघड आरोप असतो. दुसरा काही न बोलता इंजिनावर हात ठेवतो, वैद्याने नाडी पाहावी तसा, आणि "गरम हाय" एवढे निदान करून फी न घेता मागे सरतो. तिसऱ्याच्या मेव्हण्याच्या इंजिनाला अगदी हेच झालेले असते. मेव्हणा धारूरचा, इंजिन दुसऱ्याच कंपनीचे, आणि शेवटी त्याने ते विकून टाकले. चौथा बाह्या सारतो आणि म्हणतो, "आना हिकडं हँडल!" आणि पाचवे एक म्हातारबुवा काठीवर हनुवटी टेकून सांगतात, "मोटंला असलं काय नव्हतं बाबा."

मी बँकेत कारकून आहे आणि शिक्षणाने बी.कॉम. आहे. इंजिनाच्या पोटात काय चालते हे आमच्या अभ्यासक्रमात नव्हते. घसारा किती टक्के धरायचा, एवढेच होते. तेव्हा या विषयावर मी काय लिहिणार, असे वाचकांना वाटेल. पण इतिहास लिहिणाऱ्याने लढाईत तलवार चालवलेली असावी लागत नाही. मी या सभांना लहानपणापासून हजर आहे. शिवाय जी वस्तू चालू होत नाही तिच्या चालू स्थितीबद्दल कागद रंगवणे हे आमच्या खात्याचे कामच आहे.

तर सुरुवात म्हातारबुवांच्या मोटेपासून करू. मोट म्हणजे कातड्याची मोठी पिशवी, नाडा, चाक, बैलजोडी आणि एक गाणारा माणूस. मोटेला काही होत नसे हे म्हणणे खरे नाही. बैल बसला की मोट बंद. पण त्या यंत्राची तपासणी सोपी होती. बैल भुकेला आहे, दमला आहे की नुसताच रुसला आहे, एवढे तीनच प्रश्न. पहिल्यावर वैरण, दुसऱ्यावर सावली आणि तिसऱ्यावर शेपटी पिरगाळणे, एवढेच उपाय. शिवाय बैल आपल्याला काय झालेय ते डोळ्यांनी सांगतो. लोखंडाच्या डोळ्यांत पाहून काही कळत नाही, हा माणसाला बसलेला मोठा धक्का. पुढचा सगळा इतिहास हा मुका बैल बोलता कसा करावा याचाच आहे.

या इतिहासाची एक फांदी आमच्या शिवारापासून फार दूर, अमेरिकेतल्या एका तळ्यावर सुरू होते. ओले एव्हिनरूड नावाचा नॉर्वेत जन्मलेला एक मिस्त्री मिलवॉकी गावात होता. १९०६ सालच्या उन्हाळ्यात तो होडीतून सहलीला गेला असता, बरोबरच्या मुलीने आइस्क्रीम हवे म्हटले. गडी वल्ही मारत पलीकडच्या काठाला गेला, आइस्क्रीम घेऊन परत वल्ही मारत आला, आणि तोवर त्या आइस्क्रीमचे सरबत झाले होते, अशी गोष्ट सांगतात. आपल्याकडे अशा वेळी माणूस उन्हाला शिव्या देऊन मोकळा होतो. याने होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचे इंजिन बनवले. १९०९ साली ते विक्रीला आले. दीड अश्वशक्ती आणि वजन अठ्ठावीस किलोच्या आसपास. पाहणाऱ्यांनी त्याला कॉफी दळायचे यंत्र म्हणून नावे ठेवली, तरी ते खपले. आइस्क्रीम मागणाऱ्या त्या बेसशी ओलेचे पुढे लग्न झाले आणि कंपनीचा पत्रव्यवहार नि जाहिराती तीच पाहू लागली. नवऱ्याकडे काही मागितल्यावर त्यातून कारखाना निघाल्याचे हे उदाहरण मी घरी सांगितले. घरून ताबडतोब एक यादी आली. कारखाना अजून निघायचा आहे.

हे इंजिन चालू कसे करायचे? वरच्या फिरत्या चाकाला एक मूठ होती. ती धरून चाक जोरात फिरवायचे आणि इंजिन पेटताक्षणी हात काढून घ्यायचा. हात काढायला उशीर झाला तर ती मूठ बोटांची पेरे फोडी. पुढे चाकाला दोरी गुंडाळून ओढायची सोय झाली, मग ओढल्यावर आपोआप आत गुंडाळली जाणारी दोरी आली. मोटारगाड्यांचे हँडल तर याहून खुनशी. इंजिन उलटा झटका देई आणि मनगटाचे हाड मोडे. मनगटाजवळच्या हाडाच्या एका मोडण्याला डॉक्टरी पुस्तकांत अजूनही शोफरचेच नाव आहे. १९१२ साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा स्टार्टर बसला आणि श्रीमंतांची मनगटे वाचली. आमच्या शिवारातली मनगटे त्यानंतर साठ-सत्तर वर्षे हँडलच मारत होती.

दुसरी फांदी जर्मनीची. रुडॉल्फ डिझेल या इंजिनियरने ऑग्सबर्गच्या कारखान्यात १८९७ साली आपले इंजिन नीट चालवून दाखवले. यात ठिणगी नाही, प्लग नाही. हवा सोळा-सतरा पट दाबली की ती इतकी तापते की त्यात तेलाची पिचकारी उडवताच ते पेटते. कल्पना एवढी साधी की ती आपल्याला का सुचली नाही असे वाटावे. या माणसाचा शेवट मात्र चटका लावणारा झाला. १९१३ च्या सप्टेंबरात तो बोटीने इंग्लंडला निघाला, रात्री जेवून आपल्या खोलीत गेला, आणि सकाळी खोलीत नव्हता. नंतर समुद्रात प्रेत सापडले. ज्याच्या इंजिनावर पुढे जगातली मोठमोठी जहाजे चालली, तो बोटीवरूनच नाहीसा झाला.

महाराष्ट्रात लोखंडाशी शेतकऱ्याची सोयरीक जमवली ती लक्ष्मणराव किर्लोस्करांनी. बेळगावला सायकलींपासून सुरुवात, तिथून उठावे लागले, तेव्हा औंधच्या राजांनी कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसली. त्यांचा लोखंडी नांगर आधी कोणी घेईना, कारण लोखंडाने जमीन विषारी होते असा समज. बाहेर नांगर पडून आणि आत मालक चिंतेत, अशी ती स्थिती. पुढे त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांनी १९४६ साली पुण्याला ऑइल इंजिनांचा कारखाना काढला. तिकडे साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखाना १९२२ पासून होता. हे कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधानही होते. पंतप्रधान झालेल्या माणसाच्या नावाचे यंत्र आपल्या विहिरीवर धूर ओकते, याचा शेतकऱ्यांना पत्ताही नव्हता. त्यांच्या लेखी माणसांची नावे ही इंजिनांचीच जात असे. राजकोटच्या कारखानदारांनी इंग्रजी लिस्टर आणि पेटर इंजिनांच्या नकला केल्या, तेव्हा आमच्याकडे पेटरचे 'पीटर' झाले. "आमचं पीटर आजारी हाय" हे वाक्य मी लहानपणी ऐकले आणि गावात कोणी पाद्री आला आहे असे समजलो.

मराठवाड्यात हे सारे उशिराने पोचले. १९४८ पर्यंत निजामाचे राज्य, मग हैदराबाद राज्य, १९५६ नंतर मुंबई आणि १९६० पासून महाराष्ट्र. एवढे पत्ते बदलल्यावर टपाल उशिरा पोचायचेच. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि बँक नावाची वस्तू खेड्याच्या वाटेला लागली. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ पडला. लोक खडी फोडायला गेले, सुकडी खाऊन राहिले, आणि परत आले ते विहीर नि इंजिन पाहिजे असे ठरवूनच.

आमच्या अण्णांचे, म्हणजे माझ्या चुलत्यांचे इंजिन त्यानंतरचे. त्यासाठी अण्णांनी सातबारा, आठ-अ, कोटेशन, दोन जामीनदार आणि असंख्य अंगठे एवढे भांडवल गोळा केले. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढला. इंजिनाच्या टाकीवर तांबड्या रंगात बँकेचे नाव आणि 'तारण' हा शब्द रंगवला. गावातल्या पोरांना वाटे की 'तारण' हे इंजिनाचे नाव आहे. एका अर्थी ते बरोबरच होते.

कर्ज दिलेल्या वस्तूची पाहणी करायची असते. आमच्या खात्यातले जुने, आता निवृत्त झालेले लोक त्याच्या गोष्टी सांगतात. साहेब जीपमधून उतरायचे, इंजिन आहे का बघायचे, नंबर लिहून घ्यायचे आणि म्हणायचे, "चालू करून दाखवा." आणि नेमके तेव्हाच ते चालू होत नसे. मग दहा-बारा माणसांची सभा, हँडल, घाम. शेवटी मालक म्हणे, "सायेब, तुमाला बघून लाजलंय." साहेब अहवालात 'वस्तू जागेवर आहे, चालू स्थितीत आहे' असे लिहीत. हे लिहिण्यात खोटेपणा नसे. पाहणीच्या गाडीची धूळ खाली बसायच्या आत इंजिन सुरू झालेले असे. एका गावी तर एकच इंजिन एका दिवसात तीन विहिरींवर दिसले म्हणतात. बैलगाडीची वाट जीपच्या वाटेपेक्षा जवळची होती. १९९० च्या कर्जमाफीत दहा हजारांपर्यंतची थकबाकी माफ झाली आणि पुष्कळ इंजिने बिनबोजाची झाली. उचलताना वजन मात्र तेवढेच लागायचे.

आता इंजिन चालू होत नाही म्हणजे काय होते, ते सांगतो. हे ज्ञान मला आमच्या मिस्त्रींकडून मिळाले. खाकी अर्धी चड्डी, कानावर पेन्सिल आणि खांद्यावर पान्यांची पिशवी. आले की ते पहिल्यांदा चहा मागत. सभा खवळून जाई, पण त्या चहाच्या वेळात ते मालकाला गप्पांत विचारून घेत, "बंद पडलं कसं? फटकन का हळूहळू? धूर कसा व्हता, काळा का पांढरा?" निम्मे काम तिथेच होई.

मिस्त्री म्हणत, इंजिनाला तीनच गोष्टी लागतात. तेल, हवा आणि दाब. पैकी कोणती नाही ते एकेक करून बघायचे. दोन एकदम बघायच्या नाहीत. तेल टाकीत आहे, पण कॉक उघडा आहे का? टाकीत आहे, कॉक उघडा आहे, पण झाकणाचे भोक बुजले आहे का? टाकीच्या झाकणाला टाचणीएवढे भोक असते. तेल खाली जाते तशी त्यातून हवा आत येते. ते धुळीने बुजले की तेल खाली उतरत नाही आणि इंजिन दहा मिनिटे चालून गप्प बसते. झाकण उघडून बघितले की हवा आत जाते, इंजिन पुन्हा दहा मिनिटे चालते. अशा इंजिनाला गावात भूतबाधा झाली असे मानत. मिस्त्रींनी ते भूत बाभळीच्या काट्याने काढलेले मी पाहिले आहे.

मग 'हवा धरणे'. टाकी एकदा कोरडी पडली की नळीत हवा शिरते. हवा दबते, तेल दबत नाही. त्यामुळे पंप हवाच दाबत बसतो आणि पिचकारी उडत नाही. फिल्टरजवळचा स्क्रू सैल करायचा, बुडबुड्यांचे तेल वाहू द्यायचे, बुडबुडे संपले की आवळायचा. पुढे हेच नोझलच्या नटाशी. हँडल सावकाश फिरवताना नोझल 'किर्र' बोलला की समजायचे, तेल पोचले. दाब बघायचा तर खटका न उचलता हँडल फिरवून पाहायचे. हाताला बैलासारखे मागे ओढले तर दाब शाबूत आहे, आणि नुसतेच गरगर फिरले तर रिंगा गेल्या किंवा व्हॉल्व्ह बसत नाही. आणि हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, विळखा घालायचा नाही. उलटा झटका बसला तर मूठ सुटली पाहिजे. केटरिंगने अमेरिकेत जे विजेने केले ते मिस्त्रींनी अंगठ्याच्या जागेवर भागवले.

इंजिन चालू झाले तरी पाणी येईलच असे नाही. विहिरीच्या तळाशी नळाच्या तोंडाला एक झडप असते. इंग्रजीत तिला फूटव्हॉल्व्ह म्हणतात, आमच्याकडे सर्रास 'फुटबॉल'. "फुटबॉल लीक हाय" असे ऐकून शहरातला पाहुणा चमकतो. त्यावर उपाय म्हणजे वरून पाण्यात कालवलेले शेण ओतायचे. ते झडपेच्या फटीत जाऊन बसते. जर्मनीचे शास्त्र, पुण्याचे किंवा राजकोटचे लोखंड आणि आमचे शेण, अशा सहकार्यातून मराठवाड्यातली पहिली बागायत भिजली.

१९८७ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी दुसरीत होतो. सलग दोन वर्षे पाऊस तुटलेला. विहिरीचे पाणी खाली खाली गेले. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण खरे तर बाहेरची हवा पाण्याला नळातून वर ढकलते, आणि तिचा जोर व्यवहारात सहा-सात मीटरपर्यंतच पुरतो. पाणी त्याखाली गेले की इंजिनालाच पाण्याच्या मागे जावे लागते. अण्णांनी विहिरीत टप्पा खणला आणि आठ-दहा माणसांनी साखळदंडाने इंजिन खाली सोडले. धूर वर यावा म्हणून लांब नळ जोडला. वर मोसंबीची दीडशे झाडे होती, सात वर्षे जोपासलेली, पहिला बहर नुकता धरलेली. आठवड्यात पाणी मिळाले नाही तर सरपण, असा हिशेब होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी इंजिन धापा टाकत बंद पडले. अण्णा हँडल घेऊन उतरायला निघाले. सभा जमलेलीच होती. तेल बघा, हवा काढा, सगळे सल्ले झाले. तेवढ्यात मिस्त्री आले आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा चहा मागितला नाही. अण्णांचा दंड धरला.

"कसं बंद पडलं, अण्णा?"

"धाप लागल्यावानी. सोडा मला."

"धूर?"

"काळाकुट्ट. आरं सोड म्हनतो ना, झाडं चाललीत माझी!"

मिस्त्रींनी वाकून बघितले. धुराचा नळ मधल्या सांध्याला निखळला होता. धूर वर येतच नव्हता, विहिरीतच साठत होता. इंजिन तेलाने अडले नव्हते की दाबाने. ते स्वतःचाच धूर पिऊन गुदमरले होते. मिस्त्री म्हणाले, "त्याला जिथं दम निघंना तिथं तुमचा दम कसा निघंल?"

कोणीतरी कंदील सोडून बघू म्हणाले. मिस्त्रींनी तेही मानले नाही, आणि ते किती बरोबर होते हे मला पुढे वाचून कळले. प्राणवायू संपला तर कंदील विझतो. पण कोंडलेल्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड कंदिलाला कळत नाही. त्याला वास नाही, रंग नाही. डिझेल इंजिन तर या बाबतीत सोशिक, त्याला गुदमरायला होईपर्यंत माणूस केव्हाच आडवा झालेला असतो. विहिरीत इंजिन चालू करायला एक जण उतरतो, तो वर येत नाही म्हणून दुसरा, त्याला काढायला तिसरा, अशा बातम्या आजही वर्तमानपत्रात येतात. तिघेही बहुधा एकाच घरचे असतात.

मिस्त्रींनी लिंबाच्या डहाळ्यांचा भारा दोराला बांधला आणि तो विहिरीत खालीवर करायला लावला, हवा हलावी म्हणून. दुपार गेली, संध्याकाळ झाली. अण्णा विहिरीच्या काठावर पाठ करून बसले होते. ते मिस्त्रींना मोठमोठ्याने शिव्या देत होते आणि मिस्त्री डहाळ्या ओढत होते. त्या रात्री कोणी उतरले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन वर काढून सांधा बसवला आणि मग ते पहिल्या हँडलला चालू झाले. दीडशेपैकी चाळीसेक झाडे गेली. अण्णा ती चाळीस झाडे पुढे कित्येक वर्षे मिस्त्रींच्या नावावर टाकत. मिस्त्री ऐकून घेत आणि चहा मागत.

त्यानंतर विजेची मोटार आली, मग पाण्यातच बुडून बसणारी सबमर्सिबल. वीज आमच्याच तालुक्यात तयार व्हायची. परळीचे औष्णिक केंद्र १९७१ पासूनचे. कारखान्याच्या दारात राहणाऱ्याला माल मिळेलच असे नसते, हे भारनियमनाने आम्हाला शिकवले. अण्णांनी इंजिन विकले नाही, गोठ्यात ठेवले. आणि २०१३ च्या फेब्रुवारीत तो प्रसंग आला की, दुष्काळाने पाणी नाही म्हणून १,१३० मेगावॉटचे ते सबंध केंद्रच बंद करावे लागले. विहिरीला पाणी काढायला वीज नाही आणि वीज काढायला पाणी नाही! आमच्या जन्मभराच्या जमाखर्चात एवढी चोख दुहेरी नोंद मी पाहिलेली नाही. अण्णा म्हणाले, "त्यांना म्हनावं, झाकनाचं भोक बघा."

आता होडी. सिरसाळ्यापासून समुद्र साडेतीनशे किलोमीटरांहून दूर आहे. बोटीचे इंजिन आम्ही पाहण्याचा संबंध काय? जवळचे मोठे पाणी म्हणजे सिंदफणेवरचे १९८७ साली पुरे झालेले माजलगाव धरण. पण २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात असे पूर आले की दुष्काळी म्हणून नावाजलेल्या गावांतून माणसे बोटीने काढावी लागली. गोदाकाठच्या एका गावी नातलग अडकले म्हणून आम्ही गेलो होतो. एका बचाव पथकाची रबरी बोट काठाला लागली होती. मागे एव्हिनरूडच्या कुळातले, फळीला अडकवलेले इंजिन. जवानाने दोरी ओढली. इंजिन खोकले आणि गप्प झाले. पुन्हा ओढली. पुन्हा गप्प. पलीकडे शाळेच्या गच्चीवर माणसे उभी होती.

आणि काठावर सभा भरली! त्या चिखलात, त्या पावसात, पंधरा-वीस माणसे. "डिझेल हाय का?" असे कोणीतरी विचारलेही. ते पेट्रोलवर चालते हे त्याला कोणी सांगितले नाही. जवान शांत होता. मराठी त्याला येत नसावे, हे एक बरे झाले. त्याने क्रम धरला. मनगटाला बांधायची तांबडी दोरी बटणाशी अडकलेली आहे ना, ती निघाली तर इंजिन चालत नाही. गिअर मधोमध आहे ना. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबून तो कडक होतो ना. चोक. आमच्यातले एक म्हातारे पुढे सरून ओरडले, "सायेब, झाकन बगा की, झाकन!" जवानाचा अंगठा तेव्हा टाकीच्या झाकणावरच होता. हवेचा स्क्रू त्याने दोन फेरे सैल केला, फुगा दाबला, दोरी ओढली आणि इंजिन पेटले. म्हातारबुवांनी वळून सभेकडे पाहिले. ती बोट आपण चालू केली, असे ते हॉटेलात बसून अजून सांगतात, आणि गच्चीवरून आणलेली माणसेही त्यांनाच चहा पाजतात.

एव्हिनरूडच्या नावाचे बोटीचे इंजिन बनवणे २०२० साली बंद झाले. पण ती ओढायची दोरी सिरसाळ्यात आता घरोघर आहे. कापसावर फवारणी करायच्या पाठीवरच्या पेट्रोल पंपाला तीच असते. विहिरींवर सौर पंप आले आहेत. ऊन पडले की बटण दाबायचे. बिघडला तर पेटीवर आकडा उमटतो, तो आकडा फोनवर कळवायचा आणि माणूस यायची वाट बघायची. धूर नाही, हँडल नाही, मनगट शाबूत. आवाजच नसल्याने तो बंद आहे हे शेजाऱ्यालाही कळत नाही, मग सभा कुठली भरणार?

अण्णांचे इंजिन अजून गोठ्यात आहे. टाकीवरचे बँकेचे नाव गेले, 'तारण' हा शब्द राहिला. परवा आमच्या शाखेत नवीन आलेले साहेब गावी जेवायला आले होते. त्यांनी तो शब्द वाचला आणि नेहमीच्या सवयीने विचारले, "चालू स्थितीत आहे का?"

अण्णा आता पंच्याऐंशीचे आहेत. त्यांनी आधी साहेबांना चहा सांगितला.